आईला असिट्रॉम चालू आहे, घरचं आयएनआर मशीन घेऊन अमेरिकेला कसं आणू?

तुमच्या आईंचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हार्टमधली एक झडप, मेकॅनिकल (कृत्रिम) आहे, रक्त पातळ करायची असिट्रॉम चालू आहे, घरी बोटातून रक्त काढून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, बघायचं मशीन आहे आणि दोन महिन्यांसाठी त्या तुमच्याकडे न्यू जर्सीला येतायत, म्हणून विचारताय ना? मी स्वतः व्हॉल्व्हची पेशंट, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हार्टला इजा झाली होती. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने तिकडे राहून आले, तेव्हा जे कळलं ते सांगते.

सगळ्यात आधी गोळ्या. असिट्रॉम म्हणजे असेनोकुमॅरॉल, हे औषध अमेरिकेत मिळतच नाही, तिकडे वॉरफरिन देतात. दोन्ही रक्त पातळ करायचीच, पण एकाच्या जागी दुसरं तेवढ्याच मिलीग्रॅममध्ये चालत नाही, बदलायचं तर डॉक्टरच परत सगळं सेट करणार आणि वरचेवर टेस्ट मागे लागणार. त्यामुळे इथूनच पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या अधिक दहा-पंधरा दिवसांच्या जास्तीच्या न्या, 90 दिवसांपर्यंतचं स्वतःपुरतं औषध साधारण चालतं. पट्टीतून काढून डबीत भरू नका, मूळ पाकिटातच राहू द्या. डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाईप केलेलं पत्र घ्या, त्यात औषधाचं मूळ नाव, डोस, कशासाठी, आणि मशीन, टेस्टच्या पट्ट्या, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) सोबत आहेत हे सगळं हवं. नुसतं असिट्रॉम लिहिलं तर तिकडच्या डॉक्टरला काहीच बोध होत नाही. व्हॉल्व्हचं कार्डही पर्समध्ये ठेवायला सांगा.

हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही, बॅग दुसऱ्या विमानात गेली तर काय करणार? सिक्युरिटीला मी पाऊच आधीच बाहेर काढून पत्र वर ठेवलं, त्यांनी बघितलं आणि जाऊ दिलं.

आता माझी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. माझं मशीन कोॲग्युचेक एक्सएस. त्याच्या पट्ट्यांच्या प्रत्येक खोक्यात एक छोटी चिप येते, तिच्यावरचा नंबर आणि पट्ट्यांच्या डबीवरचा नंबर एकच असावा लागतो, ती चिप मशीनच्या बाजूला खोचायची. मी जागा वाचवायला नव्या पट्ट्यांची डबी तेवढी बॅगेत टाकली आणि खोकं घरीच टाकून दिलं, चिप त्यातच. मशीनमध्ये जुनी चिप होती. जुन्या चार पट्ट्या संपेपर्यंत काही कळलं नाही, मग एका रविवारी सकाळी नवी पट्टी घातली तर एरर. दुसरी घातली, परत एरर. लेकीच्या कडेवर बाळ रडतंय आणि मी डबी आणि चिप खिडकीपाशी नेऊन नंबर वाचतेय, जुळतच नव्हते. तिकडे या पट्ट्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत. शेवटी क्लिनिकमध्ये जाऊन पैसे भरून टेस्ट केली, आणि पुण्याहून माझ्या जावेने त्याच नंबरच्या पट्ट्यांचं नवीन खोकं शोधून एका येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर चिपसकट पाठवलं, त्यात बारा दिवस गेले. ते बारा दिवस मला नीट झोप नव्हती. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आईंना प्रत्येक डबीची चिप लावून एकेक टेस्ट करायला सांगा. त्याच आठवड्यात लॅबमध्येही तपासा आणि दोन्ही आकडे पत्रावर लिहून घ्या, माझे लॅबमध्ये 2.8 आणि मशीनवर 3.0 होते.

पट्ट्यांना फ्रीज लागत नाही, 2 ते 30 डिग्रीत राहतात, पण उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. मी संध्याकाळी 6 ला गोळी घ्यायचे, म्हणजे तिकडे सकाळी साडेआठ. डॉक्टर म्हणाले तिथे सकाळीच घ्या, तर तीन महिने तेच केलं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून वेळ आधीच कागदावर लिहून घ्या, विमानात हिशोब करायला लावू नका त्यांना.

खाण्यावर लक्ष ठेवा. लेकीकडे रोज पालक आणि केलचं सॅलड, मी पण आनंदाने खाल्लं आणि तिसऱ्या आठवड्यात आयएनआर 1.9, म्हणजे रक्त हवं तेवढं पातळ नाही! पालेभाजी बंद करायची नाही, पण घरी असते तेवढीच ठेवायची. आणि तिकडे दुकानात उघड्यावर ॲडव्हिल, ॲस्पिरिन अशा दुखण्याच्या गोळ्या मिळतात, पोट बिघडल्यावर लोक पेप्टो-बिस्मॉल देतात, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता आईंना देऊ नका. अँटिबायोटिक सुरू झालं तर दोन-तीन दिवसांत टेस्ट करा.

बोट टोचण्याआधी हात कोमट पाण्यात धरायला सांगा, एसीच्या घरात बोटं गार पडतात आणि थेंब नीट येत नाही, आणि टोचल्यावर 15 सेकंदांत थेंब पट्टीवर जायलाच हवा.