कमानीखालचा अंधार राखाडी का छापला जातो?

सभामंडपाच्या एचिंगमध्ये (तांब्याच्या प्लेटवरच्या रेघा द्रावणाने कोरून, त्यांत शाई भरून छापलेल्या चित्रात) कमानीखालचा भाग काळा यावा म्हणून तुम्ही रेघांवर रेघा मारल्या, प्लेट फेरिक क्लोराईडमध्ये (तांबं खाणाऱ्या द्रावणात) जास्त वेळ ठेवली, तरी प्रूफवर (चाचणीच्या छापावर) तिथे मळकट राखाडी डागच आला, असं लिहिलंय. हा डाग त्या दाट रेघांमुळेच आलाय. फेरिक खाली खातं तसं आडवंही खातं. रेघा फार जवळ असल्या की मधल्या ग्राउंडच्या, म्हणजे तांबं झाकणाऱ्या लेपाच्या, बारीक पट्ट्या सुटतात, रेघा एकमेकींत मिसळतात आणि तांब्यात रुंद, उथळ खळगा पडतो. प्लेट पुसताना कापड त्या खळग्यात शिरून शाई काढून नेतं. काळी राहते ती फक्त कड.

म्हणून अंधार रेघांच्या गर्दीवर सोडू नका, बाइटच्या, म्हणजे द्रावणाने तांबं खाण्याच्या, वेळेवर सोडा. अठराव्या शतकातला इटालियन एचिंगकार पिरानेसी याची काल्पनिक तुरुंगांची चित्रं जरूर बघा. १७५०च्या सुमारास १४ प्लेट्स निघाल्या. १७६१ मध्ये त्याने त्याच प्लेट्सवर पुन्हा काम केलं, दोन नव्या घातल्या आणि सगळंच गडद केलं. पण एवढ्या काळोखातही मागच्या कमानी फिक्या, बारीक रेघांच्याच आहेत. जाड, खोल रेघा पुढच्या तुळयांना आणि जिन्यांना. म्हणूनच नजर आत आत जात राहते. माझ्या मते अंतर्भागाचं एचिंग शिकायला याहून चांगला गुरू नाही.

तुमच्या प्लेटवर हे असं करा. सगळं रेखाटन झालं की थोडाच बाइट द्या, प्लेट धुऊन वाळवा आणि गाभाऱ्याकडचा सगळ्यात दूरचा भाग स्टॉप-आउट वार्निशने (द्रावण अडवणाऱ्या वार्निशने) झाका. पुन्हा बाइट, मग मधले खांब झाका. शेवटपर्यंत उघडा राहील तो पुढचा खांब आणि कमानीची जवळची कड. तिथल्या रेघा सुरुवातीपासूनच विरळ ठेवा, कारण खोल जाताना त्या रुंदही होणार आहेत. प्लेट पालथी, खाली टेकू देऊन ठेवा, म्हणजे गाळ रेघांत बसत नाही.

सलग काळोख हवा असेल तर अक्वाटिंटच बरं, म्हणजे रेघांऐवजी राळेच्या दाण्यांमधून बाइट देऊन सलग छटा मिळवणं. आताची प्लेट फेकू नका. खळग्याच्या कडा बर्निशरने (धातू घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने) मऊ करा, बाकी सगळं झाकून तेवढ्या भागावर राळेची पूड बसवा आणि बाइट द्या. दाण्यांच्या मधल्या खोबणीत शाई धरून राहील. राळ उडवताना मास्क लावा आणि ती हवेत असताना जवळपास ज्योत नको, पूड पेट घेते.

रेम्ब्रांटने १६४२ मध्ये अंधाऱ्या खोलीतल्या संत जेरोमच्या चित्रात एचिंगच्या जोडीला ड्रायपॉइंटही (सुईने थेट प्लेटवर ओरखडणं) वापरलं. तुम्हीही शेवटी ते करू शकता, पण ड्रायपॉइंटची मखमल (ओरखड्याच्या कडेला उठलेल्या धातूमुळे येणारा मऊ काळेपणा) थोड्याच प्रतींत झिजते. जास्त प्रती काढायच्या असतील तर त्यावर विसंबू नका.

पुढचा प्रूफ टाकाल तेव्हा प्रत्येक बाइटची मिनिटंही लिहा.