कायद्यातल्या शब्दांमुळे बेघरांना मिळणाऱ्या मदतीत खरंच फरक पडतो का?

तुमचं म्हणणं असं, की मदत शेवटी पैसा आणि अधिकारी यांवरच अवलंबून असते, शब्दांना काय एवढं महत्त्व? मला ते पटत नाही. समोरच्या माणसाला आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे अधिकारी कायद्याच्या शब्दांवरूनच ठरवतो.

मी असा कायदा व्याख्येच्या कलमापासून वाचतो. अमेरिकेत शाळांना लागू असलेल्या व्याख्येनुसार, घर गेल्यामुळे नाइलाजानं नातेवाइकांकडे राहणारं मूलही बेघर ठरतं आणि कागदपत्रं नसली तरी शाळेला त्याला लगेच प्रवेश द्यावा लागतो. तिथल्याच गृहनिर्माण खात्याची व्याख्या मात्र अरुंद आहे. त्यामुळे मूल शाळेत बेघर, पण घराच्या मदतीसाठी त्याचंच कुटुंब बेघर नाही, असं होतं.

इंग्लंडचं उदाहरण तर फार अस्वस्थ करणारं. तिथे घर मिळायला नुसतं बेघर असून भागत नाही, ‘प्राधान्य गटा’त बसावं लागतं. मुलंबाळं नसलेल्या एकट्या माणसाला त्यासाठी बहुतेकदा आपण ‘विशेष दुर्बल’ आहोत हे दाखवावं लागतं. पण दुर्बल कोणापेक्षा? अनेक वर्षं ही तुलना सर्वसाधारण बेघर माणसाशी होत असे. बेघरांमध्ये नैराश्य, आजार, व्यसन सर्रास असतं, मग तुमचं वेगळं काय, असं म्हणून खरोखर आजारी असलेल्यांनाही नकार देता येई! २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे थांबवलं: तुलना बेघर झालेल्या एखाद्या सामान्य माणसाशी करायची, आधीच खचलेल्यांशी नाही. स्कॉटलंडनं तर २०१२ अखेर प्राधान्य गटाची अटच काढून टाकली.

दुसरं म्हणजे क्रियापद. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत गरजूंना साहाय्य ‘दिलं जाईल’ असं बंधनकारक वाक्य आहे. त्याच आधारावर १९७९ मध्ये दावा उभा राहिला आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्क शहरानं बेघर पुरुषांना निवारा देण्याचं न्यायालयापुढे मान्य केलं. तिथे ‘देता येईल’ असं असतं, तर त्या दाव्याला एवढा भक्कम पाया मिळाला नसता.

एखाद्या मसुद्यावर हरकती मागवल्या असतील, तर व्याख्या आणि क्रियापदं तपासाच, शिवाय पुराव्यांची यादीही बघा. निवाऱ्यासाठी रहिवासाचा दाखला मागितला असेल, तर पहिली हरकत त्या ओळीवर नोंदवा.