गोलपोस्टच्या मागे उभा राहून बघ

प्रिय फॉरवर्ड,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गुडघ्याने दगा दिला, फुटबॉल क्लबने करार वाढवला नाही, आणि आता नेरुळच्या एका टर्फवर लहान मुलांची बॅच घेशील का म्हणून विचारणा झाली आहे. घ्यावी का, असं विचारतोस. घे की! पण खेळणं संपलं असं समजून घेऊ नकोस. डॉक्टर अजून तसं म्हणालेले नाहीत, मग तू कशाला म्हणतोस? निदान दोनेक वर्षं दोन्ही बरोबरीने चालू दे.

महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघच बंद झाला. आपल्याकडे संघ असे जातात, त्यात खेळाडूचा फॉर्म कोणी विचारत नाही. म्हणून हातात एखादा कागद असलेला बरा. तुझ्यासाठी तो कागद म्हणजे कोचिंगचं डी लायसन्स. ही सुरुवातीची पायरी, पुढे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. प्रोची स्वप्नं आत्ता बघू नकोस, डीचा फॉर्म भर.

आता जरा न आवडणारं सांगतो. आपण फॉरवर्ड लोक मॅच अर्धीच बघतो. बॉल येईपर्यंत सेंटर बॅकच्या, म्हणजे समोरच्या मधल्या बचावपटूच्या, पाठीमागे दबा धरून एका संधीची वाट बघत असतो. गोल त्या सवयीनेच होतात, पण कोचला तीच सवय नडते. शॉट का हुकला हे तू झोपेतही सांगशील. पण तो बॉल डाव्या बॅककडून निघाला कसा, मिडफिल्डरने बॉल घेण्याआधी मान वळवली होती का, हे तुझ्या नजरेतून निसटलेलं असतं. तेव्हा पुढच्या काही मॅच गोलपोस्टच्या मागे उभा राहून बघ. फक्त बॅक फोर, म्हणजे बचावातले चौघं, बघायची, बॉल नाही. आधी भयंकर चिडचिड होईल. मग हळूहळू अंतरं दिसू लागतील: एक जण पुढे धावला की बाकीचे तिघं सरकतात का, ऑफसाइडची रेघ कोण मोडतो, कीपर ओरडतो तेव्हा ऐकतं कोण.

1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताचे कोच रहीमसाहेबांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला बचावातून काढून सेंटर फॉरवर्डला खेळवलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाला आपण 2-1 ने हरवलं, त्यात एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि एक या बॅकचा. ज्याचा डोळा बॅककडे असतो त्यालाच असला डाव सुचतो.

पी. के. स्वतः फॉरवर्ड. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध गोल केला, आणि पुढे कोच म्हणून 1975 च्या आयएफए शील्ड या कोलकात्याच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 ने लोळवलं. ड्रेसिंग रूममधल्या त्यांच्या बोलण्याला कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. तू मात्र त्या वाटेला जाऊ नकोस. नऊ वर्षांच्या पोरांना टॉनिक लागत नाही, बॉल लागतो.

यावरून आठवलं, रांग लावू नकोस. फॉरवर्ड कोच झाला की हमखास बॉक्सच्या कडेला प्लास्टिकचे शंकू मांडतो आणि एकेकाला शॉट मारायला लावतो. पोरं खूश, पालकांना व्हिडिओ मिळतो. पण हिशेब कर. बॉल परत आणण्यासकट एका शॉटला वीस सेकंद धरले तर पंधरा पोरांत प्रत्येकाचा नंबर पाच मिनिटांनी लागतो. तोवर ती एकमेकांना चिमटे काढतात. त्यापेक्षा टर्फचे दोन भाग कर, छोटे गोल ठेव आणि चार-चारच्या मॅच लाव. आणि स्वतः व्हॉली, म्हणजे हवेतला बॉल थेट, मारून दाखवायचा मोह आवर. तुझी व्हॉली देखणी आहे, मान्य. तुझ्या गुडघ्याला ती परवडणारी नाही, आणि पोरंही मग खेळायचं सोडून तुझ्याकडेच बघत बसतील.

2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल आपल्या डी. वाय. पाटीलवर झाली. स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं, आणि तो एकुलता गोलही स्वयंगोल, म्हणजे कोलंबियाने स्वतःच्याच जाळ्यात घातलेला. फॉरवर्ड म्हणेल, नशीब. तू आता विचारायचं, बचावावर दडपण आणलं कोणी?

पुन्हा संघात आलास आणि बाकावर बसावं लागलं तर तोंड पाडू नकोस. मँचेस्टर युनायटेडचा फॉरवर्ड सोल्शायर बाकावरून समोरचा बचाव वाचायचा. 1999 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये बदली खेळाडू म्हणून उतरून अगदी शेवटी बायर्नवर विजयी गोल मारला, आणि 2011 मध्ये कोच म्हणून मोल्डेला नॉर्वेची लीग जिंकून दिली. बाकावर बसायचे पैसे मिळतातच, वर शिकवणी फुकट.

पालकांचं प्रकरण वेगळं. जाळीला चिकटून ‘शूट, शूट’ ओरडतील, आणि पोरगं पास द्यायचा सोडून बाबांकडे बघेल. पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाक: टाळ्या वाजवा, सूचना मी देईन.

पैशाचं आधी बोल. महिन्याचे ठरलेले की पोरामागे? जुलैत पावसाने बॅच बुडली तर? व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घे. रेल्वेची किंवा बँकेची स्पोर्ट्स कोट्याची ट्रायल निघाली तर तीही सोडू नकोस, नोकरी सांभाळून संध्याकाळच्या बॅच घेणारे कितीतरी आहेत.

शनिवारी संध्याकाळी वाशीला माझी मुलींची बॅच असते. ये. तुला बॅक फोर देतो शिकवायला, फॉरवर्ड मी बघतो.

तुझा,
सर