घड्याळ काढून ठेवलं, बोट मानेवर गेलं

"मॅडम, डॉक्टर म्हणतात काही नाही. पण घड्याळात दिसतंय ते खोटं कसं असेल?"

मी समुपदेशक आहे. गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की समोरचा माणूस नुसता मनगट चाळवायला लागला तरी मला कळतं, आता हेच येणार. कुणाला स्मार्टवॉचवर ठोके जास्त दिसतात, कुणाला ऑक्सिजन कमी. कुणी रात्रभर गाढ झोपून उठतो आणि घड्याळ त्याला झोपेत नापास करतं. त्यातल्याच एकाची ही हकीकत. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना निखिल म्हणू. वय ३९, नोकरी हिंजवडीला, राहायला वाकड. आई एकटीच सहकारनगरच्या जुन्या घरात. माझी खोली कर्वे रस्त्याच्या आत, पहिल्या मजल्यावर आहे. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. निखिल दहा मिनिटं खालीच थांबले, लिफ्ट सुरू होते का बघत, आणि शेवटी बायकोनं हात धरून वर आणलं. वीस पायऱ्याही नसतील. खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी मनगट वळवलं, आकडा पाहिला आणि मग मला नमस्कार केला.

"एकशे बारा," ते म्हणाले.

"जिना चढून आलात," मी म्हटलं.

"हो, पण एकशे बारा."

बायको, मधुरा म्हणू, हातात जाड फाईल घेऊन बसली होती. आठ महिन्यांत तीन हृदयरोगतज्ज्ञ, दोन ईसीजी, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, हिमोग्लोबिन. सगळं नॉर्मल. मी फाईल शेवटपर्यंत चाळते, कारण थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते आणि अशा माणसाला मी श्वासाचे व्यायाम शिकवत बसले तर तो गुन्हा ठरेल. छातीवर दाब येणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम फुटणं, शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर समुपदेशकाचा नंबर शोधायचा नाही, १०८ ला फोन करायचा. निखिल यांना यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त आकडे होते.

मधुरा म्हणाली, "एका रविवारी मी मोजलं. नाश्त्यापासून जेवणापर्यंत यानं चौतीस वेळा घड्याळ पाहिलं. जेवताना तर डाव्या हाताची बाही वर करूनच बसतो."

मला सगळ्यात बोलकं वाटलं ते वेगळंच. पहिल्या डॉक्टरांनी "काही नाही" म्हटल्यावर आठ दिवस बरे गेले. दुसऱ्यांच्या वेळी तीन. तिसऱ्यांच्या वेळी निखिल पार्किंगमध्ये पोचेपर्यंतच निर्धास्त होते. दिलासा असा पातळ होत जातो तेव्हा चौथा डॉक्टर शोधण्यात अर्थ नसतो.

भीतीची सुरुवात त्यांनी स्वतःच सांगितली. २०२१ च्या सप्टेंबरात अभिनेता सिद्धार्थ शुक्ला गेला, वय ४०. ऑक्टोबरात कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार, वय ४६. दोघंही धडधाकट दिसणारे. मग जिममध्ये कोसळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर सकाळच्या सुप्रभातबरोबर यायला लागले. त्यात ऑफिसनं चालण्याची स्पर्धा काढली, रोज दहा हजार पावलं, आणि त्यासाठी घड्याळ घेतलं. ही स्पर्धेची टूम मला स्वतःला अजिबात पटत नाही. दिवसाचे दहा तास माणसाला खुर्चीत बसवायचं आणि पावलांचा हिशोबही त्याच्याकडूनच मागायचा!

आता माझी चूक सांगते. पहिल्याच सेशनला मी म्हटलं, "पंधरा दिवस घड्याळ कपाटात ठेवू या." ऐकायला किती सोपं! त्यांनी इमानदारीत ठेवलंही. पुढच्या वेळी आले तेव्हा मनगट मोकळं होतं, पण बोलता बोलता उजव्या हाताची दोन बोटं सारखी मानेवर, जबड्याच्या खाली जात होती. नजर माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, सेकंदकाट्यावर. पंधरा सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं. मी यंत्र काढून घेतलं होतं, पहारा तसाच चालू होता. शिवाय आता मानेच्या डाव्या बाजूला दाबून दाबून लालसर खूण पडली होती. घड्याळ बरं होतं म्हणायची वेळ आली.

त्या दिवशी मीच त्यांना घड्याळ पुन्हा घालायला सांगितलं आणि एक छोटी वही दिली. नियम एकच. आकडा बघायच्या आधी लिहायचं, किती वाजले, काय चाललंय आणि आकडा किती असेल असं वाटतं. मग बघायचं. मग दोन मिनिटांनी पुन्हा बघायचं.

आठवड्याभरात वही भरली. पहिलं पान माझ्या अजून लक्षात आहे. "११.४०, मीटिंग, म्यूटवर, वाटतं १२०. पाहिलं ८४. दोन मिनिटांनी ९७." असं पानोपानी. बघितलं की वाढायचा. निखिल इंजिनिअर माणूस, त्यांना हे मी सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. स्वतःच्या अक्षरात दिसलं तेव्हा गप्प बसले. बघणं हीच एक छोटी धावपळ आहे, शरीर त्यासाठी तयारी करतं, ठोके वाढतात, वाढलेला आकडा दिसतो आणि भीती म्हणते, बघ, मी सांगत होते ना.

"म्हणजे घड्याळ चुकतं?" त्यांनी विचारलं. नाही, आणि हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण काही लोक उलट्या टोकाला जाऊन ही खेळणी आहेत म्हणतात. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्या कमी-जास्तावरून ठोके मोजले जातात. माणूस शांत बसला असेल, पट्टा नीट असेल तर मोजणी बरीच बरोबर येते. पट्टा सैल, हात गार, हात हलता, की बिघडते. झोपेचं मात्र बरंचसं अनुमान असतं. झोपेच्या खऱ्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, घड्याळ हालचालीवरून आणि ठोक्यांवरून अंदाज बांधतं. त्या अंदाजापायी झोप उडालेले लोक इतके झाले की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलं.

आणि घड्याळाचा उपयोगही होतो. अ‍ॅपल हार्ट स्टडी म्हणून एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४ लाख १९ हजार लोक होते. चारेक महिन्यांत अनियमित ठोक्यांची सूचना आली ती साधारण दर दोनशेत एकाला. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीचा पॅच लावून तो परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय, सापडलं. म्हणजे सूचना आली तर डॉक्टरांकडे जावं, घाबरून नाही, पण जावंच. निखिल यांच्या घड्याळानं अशी सूचना एकदाही दिली नव्हती. ते स्वतःच त्याला दिवसातून शंभर वेळा उठवून विचारत होते.

मला तरी कोडं सुटल्यासारखं वाटत नव्हतं. व्हिडिओ सगळेच बघतात, ऑफिसच्या स्पर्धेतही सगळेच होते. यांनाच का? पाचव्या सेशनला मी सहज विचारलं, "आकडा बघायची सवय या घड्याळाच्या आधी कधी होती?"

मधुरा त्या दिवशी आली नव्हती. निखिल बराच वेळ खिडकीकडे बघत होते.

एप्रिल २०२१. पुण्यात कुणाला विचारलं तरी त्या महिन्याचं काहीतरी निघतं. वडील सहकारनगरच्या घरी विलगीकरणात, निखिल त्यांच्या खोलीच्या दारात. बोटाला ऑक्सिमीटर, दर तासाला नोंद. सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालवायचं आणि पुन्हा बघायचं. ९४ च्या खाली गेलं तर डॉक्टर. एका संध्याकाळी ९३ आलं आणि बेडसाठी फोन सुरू झाले. यादीतल्या नंबरांपुढे फुल्या पडत गेल्या. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा ९३. निखिल सलग दोन रात्री जागे होते. भिंतीला टेकून डोळा लागला. सव्वापाचला जाग आली तेव्हा ८४. सकाळी बेड मिळाला. अकरा दिवसांनी वडील गेले.

"तीन तास पाच मिनिटं मी पाहिलं नाही," ते म्हणाले. मिनिटांसकट.

मग मला त्या मानेवरच्या खुणेचा अर्थ लागला. त्या दिवसांत आकडा खरोखरच शरीराच्या आधी बोलत होता. कोविडमध्ये माणूस गप्पा मारत असायचा, दम लागल्याचं भानही नसायचं आणि ऑक्सिजन उतरत असायचा. म्हणून तर घराघरात ऑक्सिमीटर आले. तेव्हा बघत राहणं शहाणपणाचंच होतं. निखिल तो नियम शिकले, फार मोठी किंमत देऊन शिकले, आणि तो लागू राहिला. संकट गेलं, पहारेकऱ्याला सुट्टी द्यायला मात्र कुणी आलं नाही.

त्या तीन तासांत काही वेगळं घडलं असतं का, यावर मी काही बोलले नाही. "तुमची काही चूक नव्हती" हे त्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं, डॉक्टरांच्या "काही नाही"सारखंच. मी फक्त विचारलं, झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाबा म्हणाले, तू झोप जरा. मी जागा आहे." हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. पुढची दोन सेशनं आम्ही घड्याळाचा विषयच काढला नाही.

त्यानंतरचं काम तुलनेनं सरळ होतं. बघायच्या वेळा ठरवल्या, आधी दिवसातून सहा, मग तीन, मग रात्री नऊला एकदा. मधुराला सांगितलं, "काही नाही रे, नॉर्मल आहे" हे वाक्य बंद. ते प्रेमानं म्हटलं तरी त्याचा परिणाम चौथ्या डॉक्टरसारखाच होतो. त्याऐवजी, "भीती वाटतेय ना? मी इथेच आहे," आणि आकड्यावर चर्चा नाही. पहिला आठवडा दोघांची चांगली जुंपली. मलाही एकदा रात्री अकराला घड्याळाचा स्क्रीनशॉट आला, खाली प्रश्नचिन्ह. मी उत्तर दिलं नाही. मला ते सोपं गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच चिडून बोलले, "तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून मी तासभर जागा होतो." "आणि मग?" "मग झोप लागली." दोघंही हसलो.

आणि पर्वती. डॉक्टरांना विचारून ठरवलं. पायऱ्या १०३. रविवारी सकाळी घड्याळ गाडीत ठेवायचं, बोट मानेवर न्यायचं नाही, वर पोचून बसायचं आणि धडधड आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. पळायचं नाही, पाणी पिऊन लक्ष वळवायचं नाही. हृदय जोरात चाललंय आणि आपण जिवंत आहोत, हे दोन्ही एकाच वेळी अनुभवायचं. पहिल्या रविवारी ते अर्ध्यातच बसले. शेजारून पांढरे बूट घातलेले एक आजोबा चढत गेले, सत्तरीच्या पुढचे. थांबले. निखिलना वाटलं, आता विचारपूस करतील. आजोबा म्हणाले, "अहो, बसायचं तर कडेला बसा. वाटेत नको." मधुरा हे सांगताना इतकी हसत होती की मला तिसऱ्यांदा विचारावं लागलं, नक्की काय झालं. निखिल कडेला सरकले, आणि सरकून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मधली दोन मिनिटं ते फक्त त्या आजोबांवर चिडलेले होते. तिसऱ्या रविवारी वर पोचले.

आमचं काम सात महिने चाललं. घड्याळ अजून आहे, ते घालतात. ज्या आठवड्यात ऑफिसात ताण असतो त्या आठवड्यात बोट अधूनमधून मानेवर जातं, हे त्यांनीच सांगितलं. ते पूर्ण थांबेल असं मी त्यांना कधी म्हटलेलं नाही.

शेवटचं सेशन वडिलांच्या श्राद्धानंतरच्या आठवड्यात झालं. सहकारनगरच्या घरी सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर आई कपाट आवरत होत्या, खणात ऑक्सिमीटर निघाला. त्यांनी पदरानं पुसला आणि निखिलच्या बोटाला लावला. काहीच उमटलं नाही. सेल केव्हाच संपले होते. आईंनी तो तसाच परत खणात ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.