टू ओव्हर वन की प्रिसिजन? आधी हात मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिजमध्ये तुम्ही आणि तुमचा भिडू पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदामाने बोली उघडायची तर त्या रंगाची पाच पानं हवीत) आणि १५–१७ गुणांचा (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाची बोली, अशी साधी पद्धत खेळता. स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड या ठरावीक अर्थाच्या बोलीही येतात. तरी गेमची काँट्रॅक्टं (बोलीत कबूल केलेले हात, म्हणजे जिंकायच्या चार-चार पानांच्या फेऱ्या) सारखी एक डाऊन जातात, एक हात कमी पडतो, म्हणून भिडू म्हणतोय बोलीची सिस्टिम बदलू, टू ओव्हर वन घेऊ नाहीतर थेट प्रिसिजन. शिवाय एखाद्या रंगाची राणी विरोधकांकडे असताना 'दोघांची मिळून आठ पानं असतील तर फिनेस (मोठं पान ठरावीक विरोधकाकडे आहे असं धरून त्याला चुकवून हात काढणं), नऊवर नाही' हा नियम कितपत खरा, हेही विचारलंत.

माझं मत: सिस्टिमला इतक्यात हात लावू नका. एक डाऊन जाणारी काँट्रॅक्टं बहुतेक वेळा बोलीत बुडत नाहीत. ती डमी (खेळणाऱ्याच्या भिडूची टेबलावर मांडलेली पानं) उघडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बुडतात. एक डाव घ्या.

डमी (उत्तर): इस्पिक ७ ४, बदाम राजा ८ ५, चौकट एक्का गुलाम १० ९ ४, किलवर राजा ६ ३.
तुम्ही (दक्षिण): इस्पिक एक्का ८ ३, बदाम एक्का राणी ४, चौकट राणी ८ ३, किलवर एक्का गुलाम ५ २.

तुमच्याकडे १७ गुण, समोर ११. तुमच्या पद्धतीत १ नो ट्रम्प – ३ नो ट्रम्प (म्हणजे नऊ हात), संपलं. टू ओव्हर वनमध्येही हेच. प्रिसिजनवाले १ किलवर (१६ किंवा जास्त गुण), २ चौकट, २ नो ट्रम्प, ३ नो ट्रम्प असे जातील. १२–१४ चा कमकुवत नो ट्रम्प खेळणारे जुन्या धाटणीचे अकोल पद्धतवाले १ किलवर, १ चौकट, २ नो ट्रम्प, ३ नो ट्रम्प. म्हणजे कुठल्याही वाटेने या, सगळी टेबलं तीन नो ट्रम्पवरच येऊन थांबणार, आणि खेळणाराही दक्षिणच. इथून पुढे जो फरक पडेल तो पानं खेळण्यात.

पश्चिमेची उतारी इस्पिक छक्की. डमीची चौकी, पूर्वेची राणी. आता तुम्ही काय टाकता?

एक्का लगेच मारणाऱ्याचं पुढे काय होतं बघा. तो चौकटची राणी चालवून फिनेस घेतो, पूर्व राजाने हात घेते आणि इस्पिक परत करते. विरोधकांना इस्पिकचे चार आणि चौकटचा एक, एकूण पाच हात. एक डाऊन. वर "फिनेस फसला, नशीबच खराब" ही टिप्पणी.

नशिबाचा इथे संबंधच नाही. पान टाकण्याआधी मोजा: इस्पिक १, बदाम ३, किलवर २, चौकटचा एक्का १. सात झाले. दोन कमी आहेत आणि ते चौकटमधूनच यायचे. राजा पश्चिमेकडे असेल तर फिनेस लागतोच. पूर्वेकडे असेल तर हात एकदा पूर्वेला जाणार. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की पूर्वेकडे त्या वेळी इस्पिकचं पान असेल का? नसावं, याची सोय तुमच्या हातात आहे. राणीवर एक्का देऊ नका. पूर्व दश्शी परत करते, तिच्यावरही नको. तिसऱ्या फेरीला तिची दुर्री येते, तेव्हा एक्का घ्या आणि डमीतून किलवरची तिर्री फेका.

आता चौकटची राणी चालवा. पूर्वेने राजा घेतला तरी तिच्याकडे इस्पिक उरलेलं नाही. इस्पिकचे दोन आणि चौकटचा एक असे तीनच हात गेले, तुमचे दहा. आणि समजा इस्पिक ४–४ असे वाटले गेले आहेत, पूर्वेकडे अजून एक पान आहे. हरकत नाही, विरोधकांना तीन इस्पिक आणि एक चौकट मिळून चारच हात मिळतात. राजा कुठेही असो, काँट्रॅक्ट होतंच.

किती वेळा सोडायचं याचा एक सोपा हिशेब आहे: सातातून त्या रंगाची दोन्हीकडची मिळून पानं वजा करा. इथे पाच पानं, म्हणून दोनदा सोडा. पण हा हिशेब डोळे मिटून वापरू नका. दुसरा एखादा रंग इस्पिकपेक्षाही उघडा असेल तर पूर्व तिकडे वळेल आणि सोडलेला हात अंगाशी येईल. आणि फिनेस पश्चिमेकडे हरणारा असता, तर लांब इस्पिक ज्याच्याकडे आहेत त्यालाच हात दिल्यासारखं झालं असतं. तिथे एक्का थांबवून उपयोग नाही, वेगळी वाट शोधावी लागते.

त्या छक्कीनेही बरंच सांगितलं होतं. चौथं मोठं पान उतरायची पद्धत असेल तर अकरातून सहा वजा करा: छक्कीपेक्षा मोठी पाच पानं उरलेल्या तिघांकडे आहेत. डमीत सत्ती, तुमच्याकडे एक्का आणि अठ्ठी, म्हणजे पूर्वेकडे दोनच. राणी आणि दश्शी दिसली की ती संपली. छक्कीपेक्षा लहान तुम्हाला न दिसणारी पानं दोन, पंजी आणि दुर्री. दुर्री पूर्वेने टाकली; पंजी पश्चिमेने टाकली असेल तर पश्चिमेकडे पाच इस्पिक. पाहा, तिसऱ्या फेरीलाच इस्पिकचा अख्खा नकाशा तयार.

शक्यतांबद्दल एक गोष्ट पाठच करा. पाच पानं बाहेर असतील तर ३–२ वाटणी सुमारे ६८ टक्के. सहा बाहेर असतील तर ३–३ फक्त ३६ टक्क्यांच्या आसपास, ४–२ जास्त म्हणजे ४८. साधा फिनेस ५०. यातली मजा संधी जोडण्यात आहे. एखाद्या रंगात एक्का-राजा-राणी आणि एक लहान पान समोर तीन लहान असतील, आणि दुसऱ्या रंगात फिनेस असेल, तर आधी पहिला रंग तीनदा खेळून बघा. ३–३ निघाला तर फिनेसची गरजच नाही, नाही निघाला तर फिनेस आहेच. एकूण संधी ५० वरून ६८ टक्क्यांवर जाते. फक्त त्या नादात विरोधकाचं चौथं पान मोठं होतं, तेव्हा फिनेस हरल्यावर तो हात परवडतो का ते आधी बघा.

हुकमाच्या काँट्रॅक्टमध्ये आपल्याकडच्या बऱ्याच जणांना दुसऱ्या खेळांमधून लागलेली खोड नडते: हुकूम हातात आले की आधी सगळ्यांचे उतरवून घ्यायचे. डमीत एखाद्या रंगाचं एकच पान असेल आणि तुमच्या हातात त्या रंगाची हरणारी पानं असतील, तर ती डमीच्या हुकमांनी आधी कापून घ्या. डमीचे हुकूम संपल्यावर कापणार कशाने?

आता सिस्टिम. टू ओव्हर वन वाईट नाही, किंबहुना पुढेमागे तुम्ही तिकडेच जाल. १ इस्पिकवर २ किलवर म्हटलं की गेमपर्यंत कोणी पास करायचा नाही, त्यामुळे स्लॅमचा (बारा किंवा तेरा हातांचा) अंदाज सावकाश घेता येतो. त्याची किंमत १ नो ट्रम्पच्या उत्तरात मोजावी लागते. जवळजवळ १२ गुणांपर्यंतची सगळी अडचणीची पानं त्यात कोंबायची, आणि ते फोर्सिंग (त्यावर भिडूला पास करता येत नाही) असल्याने १ नो ट्रम्पवर थांबायची सोय गेली. प्रिसिजनचं बळ १ किलवर सोडून बाकीच्या बोलींमध्ये आहे. त्या १५ गुणांच्या आत बांधलेल्या असतात, म्हणून भिडूला कुठे थांबायचं ते लगेच कळतं. सी. सी. वेई यांची ही पद्धत खेळून तैवानचा संघ १९६९ च्या बर्म्युडा बाउलमध्ये अंतिम फेरीत गेला होता, त्यामुळे तिच्या ताकदीबद्दल शंका नको. पण १ किलवरवर विरोधकांनी २ इस्पिक टाकले की तुम्ही अजून एकही रंग सांगितलेला नसतो. त्यापुढची उत्तरं दोघांना सारखीच पाठ नसतील तर तारांबळ ठरलेली.

तुमच्या आहे त्याच पद्धतीत आधी हे बघा: तुमच्या १ नो ट्रम्पवर विरोधकाने २ बदाम म्हटलं, तर भिडूच्या २ नो ट्रम्पचा अर्थ काय? स्टेमनच्या २ किलवरला डबल आला तर पासचा अर्थ काय? निगेटिव्ह डबल (विरोधकाच्या बोलीवर न सांगितलेले रंग दाखवणारा डबल) कुठल्या पातळीपर्यंत? १ नो ट्रम्पवर थेट ४ नो ट्रम्प म्हणजे एक्के विचारणं की स्लॅमचं आमंत्रण? (माझ्या मते आमंत्रणच, एक्के विचारायला तिथे गर्बरची ४ किलवर ठेवावी.) दोघांनी वेगवेगळ्या कागदावर उत्तरं लिहा आणि मग ताडून बघा. जिथे जुळत नाहीत तिथे तुमचे गुण गळतायत, आणि नवी सिस्टिम घेतली की असे प्रश्न दुप्पट होतील.

बचावाबद्दल एवढंच की चारातल्या दोन डावांत तुम्ही बचावच करत असता. मोठं पान म्हणजे 'हा रंग पुन्हा खेळ' की लहान पान, हे आजच ठरवून टाका. कुठलंही ठरवा, पण दोघांचं एकच असू द्या.

राहिला आठ-नऊचा नियम. नऊ पानं असताना एक्का-राजा खेळून राणी पाडायची की फिनेस घ्यायचा, यात फरक फारच थोडा: एकदा दोघांनी रंग दिला आणि दुसऱ्या फेरीला पश्चिमेनेही लहान पान टाकलं, तर पाडणं ५२, फिनेस ४८. बोलीतून काहीच कळलं नसेल तेव्हा नियम पाळा. पण समजा हुकूम इस्पिक आहे, डमीत एक्का-गुलाम-दश्शीसकट पाच, तुमच्याकडे राजासकट चार, आणि पूर्वेने ३ बदामने बोली उघडली होती. म्हणजे तिच्याकडे सात बदाम. तुम्हा दोघांकडे मिळून चार, म्हणून पश्चिमेकडे दोन. राजा खेळलात, दोघांनी लहान पानं दिली. परत इस्पिक चालवलंत, पश्चिमेने लहान दिलं. पश्चिमेकडची दोन बदाम आणि दोन इस्पिक कळली, नऊ जागा अजून अज्ञात. पूर्वेकडची सात बदाम आणि एक इस्पिक कळलं, जागा उरल्या पाच. राणी या चौदांपैकी एका जागी आहे. म्हणजे फिनेस सुमारे ६४ टक्के, आणि इथे नवाचा नियम सोडून डमीतून गुलाम टाकायचा.