उजव्या सोंडेचा गणपती, कॅऑन आणि माझी फसलेली बातमी

मागच्या महिन्यात या सदरात कणांच्या दुर्मिळ क्षयांबद्दल, म्हणजे कण आपोआप फुटून त्याचे दुसरेच कण होतात त्याबद्दल, दोनच परिच्छेद लिहिले होते आणि वाटलं होतं की कोणी वाचणार नाही, पण पत्रं एवढी आली की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. ज्यांनी कृष्णविवरांबद्दल विचारलंय त्यांनी प्लीज थोडं थांबा.

प्रश्न : मॅडम, तुम्ही "निसर्ग डावं-उजवं मानतो" असं एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. आमच्या घरी त्यावरून दोन दिवस वाद चाललाय. बाबा म्हणतात आरशात जे दिसतं ते खरंही होऊ शकतंच की, त्यात काय विशेष. बरोबर कोण? (बारावी सायन्स, सांगली)

उत्तर : बाबांना सांग की १९५६ पर्यंत जवळजवळ सगळं फिजिक्स त्यांच्याच बाजूने होतं, त्यामुळे हरले तरी वाईट वाटून घेऊ नका.

असं बघ. घरातला गणपती घे, बहुतेक डाव्या सोंडेचा असेल, आणि आरशासमोर धर. आरशातला उजव्या सोंडेचा दिसेल. मूर्तिकाराला दोन्ही करता येतात, माती काही तक्रार करत नाही. फरक करतो तो आपण, उजव्या सोंडेचा म्हटलं की सोवळं कडक, नेम कडक, चुकून चालायचं नाही. फिजिक्सवाल्यांची समजूत अशी होती की निसर्ग त्या मातीसारखा आहे, त्याला डावं काय नि उजवं काय सारखंच. गुरुत्वाकर्षणाला खरंच सारखं असतं, विजेला आणि चुंबकालाही. मग १९५६ मध्ये त्सुंग-दाओ ली आणि चेन निंग यांग या दोघांनी सगळे जुने प्रयोग चाळून काढले आणि म्हणाले की अहो, किरणोत्सारी बीटा क्षय ज्या बलामुळे होतो, ज्याला क्षीण बल म्हणतात, त्याच्यासाठी हे कोणी तपासलेलंच नाहीये! सगळे नुसतं गृहीत धरून बसले होते.

तपासलं चिएन-शिउंग वू यांनी. कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक, मूळच्या चीनच्या. नवऱ्यासोबत जहाजाने पूर्वेकडे जायचं ठरलं होतं, बऱ्याच वर्षांनी जाणार होते, पण बाईंनी स्वतःचं तिकीट रद्द केलं आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ठाण मांडलं, कारण अतिथंड करायची सोय तिथे होती. कोबाल्ट-६० चे अणू एका क्रिस्टलवर पातळ थरात बसवले आणि निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत गार केले, कारण त्यापेक्षा गरम असले की अणू थरथरतात आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला राहत नाहीत. अणूचं केंद्रक म्हणजे भोवरा समज. चुंबकाने सगळे भोवरे एकाच बाजूला फिरते ठेवले आणि वरती इलेक्ट्रॉन मोजणारा काउंटर लावला. चुंबकाची दिशा उलटी केली की आकडा बदलायचा! म्हणजे इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे न उडता भोवऱ्याच्या एका ठराविक बाजूनेच जास्त निघत होते, समज खालच्या. क्रिस्टल हळूहळू गरम व्हायला लागला की सात-आठ मिनिटांत फरक विरून जायचा. पुन्हा गार करा, पुन्हा फरक. ख्रिसमसच्या सुट्टीत हे चाललं होतं.

आता आरसा लाव. भोवऱ्याच्या शेजारी उभा आरसा धरलास तर आरशातला भोवरा उलटा फिरतो, पण खाली जाणारा इलेक्ट्रॉन खालीच जातो. म्हणजे आरशातल्या जगात इलेक्ट्रॉन जास्त करून चुकीच्या बाजूने निघताना दिसतील. आपल्या जगात कोबाल्ट तसं कधीच करत नाही. बाबा म्हणतात ती आरशातली गोष्ट इथे खरी होऊ शकत नाही, निसर्गाचंही सोवळं आहे. जानेवारी १९५७ मध्ये निकाल जाहीर झाला, त्याच वर्षी नोबेल ली आणि यांग यांना. वू बाईंना नाही. यावर मी बोलायला लागले तर सदर संपेल.

पुढची गंमत अशी की लोक म्हणाले ठीक आहे, आरसा लावताना कणाच्या जागी प्रतिकणही (तसाच, पण उलट विद्युतभाराचा जोडीदार) घाला, मग तरी हिशोब जुळेल ना. सात वर्षं जुळलाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांच्या टीमने उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, कॅऑन नावाच्या अल्पायुषी कणांचे क्षय मोजले. त्यातला जो दीर्घायुषी कॅऑन आहे त्याने दोन पायऑनमध्ये (पायऑन म्हणजे कॅऑनचा हलका भाऊ) फुटायचंच नाही असा नियम होता. २२,७०० क्षयांत साधारण ४५ वेळा फुटला. पाचशेत एकदा! एवढ्याशा चुकीला त्यांना १९८० चं नोबेल मिळालं. कारण आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ संपला, हे समजावायचं तर अशी चूक असावीच लागते. मात्र आजवर सापडलेल्या सगळ्या चुकांची बेरीज केली तरी ती कमी पडते. प्रोटॉनच्या जातीच्या कणात तर ही चूक सापडायला २०२५ उजाडलं, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगात, लॅम्डा-बी नावाच्या प्रोटॉनच्या एका जड भावात, कण आणि प्रतिकणात अडीच टक्क्यांच्या आसपास फरक.

प्रश्न : हजार कोटीत एकदा होणारी गोष्ट शोधतात म्हणे. मी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होतो, लाखाच्या बंडलातली एक खोटी नोट पकडतानाही घाम फुटायचा. हे लोक खरंच शोधतात की अंदाजे सांगतात? (निवृत्त, नाशिक)

उत्तर : काका, तुमचा अनुभव इथे तंतोतंत लागू आहे फक्त उलटा, इथे खरी नोट एक आणि बाकी सगळा ढीग खोटा.

सर्नमध्ये एनए-६२ नावाचा प्रयोग आहे. धन विद्युतभाराचा कॅऑन फुटून एक पायऑन आणि दोन न्यूट्रिनो होतात का, हे बघायचं. सिद्धांताचं गणित म्हणतं की हजार कोटी कॅऑनमागे असं एकदासुद्धा धड होत नाही, ०.८ च्या आसपास. आणि न्यूट्रिनो म्हणजे कशातूनही आरपार जाणारे कण, ते तर डिटेक्टरला दिसतच नाहीत! म्हणजे तुम्हाला दिसणार काय, तर एक कॅऑन आत आला आणि एक पायऑन बाहेर गेला, बास. बाकी काहीच नाही, आणि ते "काहीच नाही" खरंच काहीच नाही याची खात्री करणं हाच अख्खा प्रयोग आहे, त्यासाठी २७० मीटर लांबीचं सगळं लटांबर उभं केलंय.

का ते सांगते. कॅऑन शंभरातले त्रेसष्ट वेळा म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनोत फुटतो. म्युऑन आणि पायऑन दिसायला जवळपास जुळे, वजनातही फार फरक नाही. तर त्यांना ओळखायला निऑन वायू भरलेली १७ मीटर लांब टाकी आहे, त्यातून कण गेला की प्रकाशाचं वर्तुळ पडतं, आणि सारख्याच संवेगाचा म्युऑन जरासा वेगवान असल्यामुळे त्याचं वर्तुळ किंचित मोठं येतं. तुम्ही नोट उजेडात धरून वॉटरमार्क बघायचात ना, तसंच. पुढचा भामटा म्हणजे एकवीस टक्के वेळा निघणारी पायऑनची जोडी, त्यातला उदासीन पायऑन लगेच दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, होऊन पसार होतो. ते दोन्ही फोटॉन निसटले तर आपल्याला वाटणार की अरे, हाच तो! म्हणून द्रवरूप क्रिप्टॉनचा मोठा हौद आणि चारी बाजूंनी फोटॉन पकडणारी कडी बसवलीत, असा उदासीन पायऑन दहा कोटींत जेमतेम एखादा निसटतो. त्यात येणारी बीम सेकंदाला साठ-सत्तर कोटी कणांची, त्यात कॅऑन शंभरात सहाच. बाकीचे वऱ्हाडी.

आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, डेटामधला जो कप्पा सिग्नलचा आहे तो ते आधी झाकून ठेवतात. खोट्या नोटा त्यात किती घुसतील याचा अंदाज आधी कागदावर मांडायचा, सगळ्या कसोट्या पक्क्या करायच्या, आणि मगच कप्पा उघडायचा. उघडल्यावर कसोटी बदलायची नाही. आधी बघितलं की माणूस नकळत आपल्याला हवं तेच मोजतो. २०१६ ते २०२२ चा डेटा मिळून ५१ घटना सापडल्या, त्यात १८ खोट्या असतील असा आधीच अंदाज होता. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, हजार कोटीत १.३. गणितापेक्षा थोडं जास्त आहे, पण मोजणीतली अनिश्चितताही तेवढी मोठी आहे, त्यामुळे अजून पेढे वाटू नयेत. याच क्षयाचं उदासीन भावंड जपानमध्ये जे-पार्कला कोटो नावाचा प्रयोग शोधतोय, तिथे अजून एकही मिळालेलं नाही.

प्रश्न : २०२१ मध्ये याच सदरात तुम्ही "नवीन बल सापडण्याच्या उंबरठ्यावर" असं लिहिलं होतं. माझ्याकडे कात्रण आहे. त्या उंबरठ्याचं पुढे काय झालं? (ठाणे)

उत्तर : कात्रण ठेवणाऱ्या वाचकांना मी घाबरते ते याच्यासाठी.

झालं असं होतं की एलएचसीबीने बी-मेसॉनचा (कॅऑनचा जड भाऊ समजा) एक दुर्मिळ क्षय दोन प्रकारे मोजला, एकदा म्युऑनची जोडी निघते तेव्हा आणि एकदा इलेक्ट्रॉनची. क्षीण बल दोघांना सारखंच वागवतं, म्हणून गुणोत्तर एक यायला हवं. आलं ०.८५ च्या जवळ. म्हणजे इलेक्ट्रॉनवाले शंभर असतील तर म्युऑनवाले पंच्याऐंशीच. योगायोगाने असं व्हायची शक्यता हजारात एक, यालाच साधारण तीन सिग्मा म्हणतात. शोध लागला म्हणायला पाच सिग्मा लागतात, पस्तीस लाखांत एक. मला हा नियम माहीत होता, मी तो त्या लेखात लिहिलाही होता, आणि तरी शीर्षक तसं दिलं! संपादकांवर ढकलणार नाही, शीर्षक माझंच.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याच टीमने पुन्हा तपासून सांगितलं की काही पायऑन आणि कॅऑन इलेक्ट्रॉनच्या वेशात मोजणीत घुसले होते. इलेक्ट्रॉनवाल्यांची संख्या फुगली, गुणोत्तर खाली गेलं. कसोटी कडक केली आणि ते खोटे बाजूला काढले तर गुणोत्तर एकशी जुळलं. विषय संपला. इथे लक्षात घ्या, सिग्मा फक्त योगायोग मोजतो. खोटी नोट खरी म्हणून मोजलीत तर हजारात एकचा हिशोब काय कामाचा? वर नाशिकच्या काकांना जे लिहिलं ते मी या फजितीतून शिकलेय. आणि चूक त्यांनी स्वतःच शोधून स्वतःच छापली, त्याबद्दल मात्र मी टोपी काढते.

प्रश्न : आमचे एक नातेवाईक टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होते, ते सांगायचे की कोलारच्या सोन्याच्या खाणीत आपल्या लोकांनी प्रोटॉन मरताना पाहिला. खरं का? आणि विश्व जर १३८० कोटी वर्षांचं तर त्याहून जास्त आयुष्य मोजतात तरी कसं? (कोल्हापूर)

उत्तर : दुसरं आधी. एका माडाखाली नारळ पडायची वाट बघत वर्ष काढण्यापेक्षा साडेतीनशे माडांच्या वाडीत एक दिवस बसा, हिशोब साधारण तोच येतो. प्रोटॉनचं सरासरी आयुष्य एकावर चौतीस शून्यं इतकी वर्षं असेल तर तेवढे प्रोटॉन गोळा करा, वर्षाला एखादा जाईल. जपानच्या सुपर-कामिओकांदे या जमिनीखालच्या डिटेक्टरमध्ये ५०,००० टन पाणी आहे, त्यातलं कामाचं निम्म्याहून थोडं कमी, आणि त्यात जवळपास तेवढेच प्रोटॉन भरतात. वीसेक वर्षांहून जास्त वाट बघून झाली. एकही गेला नाही.

आता कोलार. मुंबईच्या टीआयएफआरची मंडळी आणि जपानी सहकारी यांनी कर्नाटकातल्या त्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल, लोखंडी पट्ट्या आणि वायूच्या नळ्यांचा १४० टनांचा डिटेक्टर उभारला होता. एवढं खोल का, तर वरून येणारे वैश्विक किरण दगडात अडावेत म्हणून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना काही घटना मिळाल्या ज्या प्रोटॉनच्या क्षयासारख्या दिसत होत्या आणि त्यांनी तसं छापलं. जगभर खळबळ झाली. पण नंतर अमेरिकेत आणि जपानमध्ये कितीतरी मोठे डिटेक्टर आले आणि त्यांना काहीच दिसलं नाही. तेव्हा तुमच्या नातेवाइकांचं अर्धं खरं, पाहिला असं तेव्हा वाटलं होतं. मी याला फजिती म्हणणार नाही, मूठभर घटना हातात असताना काय करायचं हा अवघड प्रश्न आहे, आणि याच खाणीत १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपले गेले त्यात टीआयएफआरचा वाटा मोठा होता. ती परंपरा चालूही आहे, जपानच्या बेल-२ डिटेक्टरमधल्या सिलिकॉनच्या थरांपैकी चौथा थर टीआयएफआरच्या टीमने जोडलाय.

प्रश्न : केळ्यातून प्रतिपदार्थ निघतो असं व्हॉट्सॲपवर आलंय. आम्ही जळगावचे, केळ्याचा धंदा. फॉरवर्ड करू की नको? (जळगाव)

उत्तर : चक्क खरं आहे. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यात पोटॅशियम-४० चे थोडे अणू असतात, एका केळ्यात सेकंदाला दहा-पंधरा फुटतात आणि त्यातला लाखात एखादा पॉझिट्रॉन सोडतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. हिशोब केला तर एका केळ्यामागे दिवसाला दहाएक. तो लगेच शेजारच्या इलेक्ट्रॉनला धडकून संपतो, तुम्हाला काही होत नाही. पोटॅशियम आपल्या अंगातही असतंच, त्यामुळे गिऱ्हाईकही तेच करतंय. फॉरवर्ड करा, पण खाली "घाबरू नये" लिहा, नाहीतर भाव पडेल.