२६ जानेवारीला झेंडा ‘उलगडायचा’ (आधीच वर बांधलेला दोरी ओढून मोकळा करायचा) आणि १५ ऑगस्टला ‘चढवायचा’ (खालून वर न्यायचा), हे शाळेलाही बंधनकारक आहे का? आणि २६ तारीखच का?

नाही. दर जानेवारीत फिरणाऱ्या त्या फॉरवर्डने शिक्षकांचा उगाच जीव खाल्लाय. २००२ च्या ध्वजसंहितेत शाळांसाठी दोन दिवसांच्या दोन पद्धती नाहीतच. मुलं तीन बाजूंना, चौथ्या बाजूच्या मध्यावर खांब, मुख्याध्यापक खांबामागे तीन पावलांवर. बास. उलगडणं १५ ऑगस्टलाही चालतं.

फजिती होते ती गाठीपायी. गुंडाळण्याआधी केशरी टोक वरच्या दोरीला आहे ना, ते बघा. पुडकं झालं की रंग कळत नाही आणि उलटा झेंडा उलगडतो तो थेट सगळ्यांसमोर. मग आडव्या घड्या घालून दोरीच्या बाजूकडे गुंडाळत या, आत मूठभर कोरड्या, सुट्या पाकळ्या. अख्खे झेंडू भरू नका, वजनाने पुडकं ढिलं पडतं. आता हिरव्या टोकाकडच्या दोरीचे पुडक्याभोवती दोन वेढे घ्या आणि तीच दोरी दुमडून तो दुहेरी फासा वेढ्याखाली खोचा. दोरीचं टोक ओवलंत तर पक्की गाठ बसते, पाहुणे झटके देत बसतात आणि राष्ट्रगीत खोळंबतं. पुडकं कप्पीला भिडलं की वर नेणारी दोरी खुंटीला आवळा. हे राहिलं तर ओढताक्षणी फासा सुटायच्या ऐवजी अख्खं पुडकंच खाली घसरतं. पाहुण्यांच्या हातात नेमकी खालची दोरी द्या, दोन्ही देऊ नका. जानेवारीत दवाने सुती दोरी फुगून गाठ आवळते, म्हणून फासा थोडा सैलच ठेवा.

पाकळ्या म्हणजे झेंड्याचा अपमान, असं ठणकावणारे एक तरी गुरुजी प्रत्येक शाळेत असतात. त्यांनी संहिता पुरती वाचावी. झेंड्यात वस्तू ठेवायला मनाई खरी, पण राष्ट्रीय सणांना उलगडण्याआधी पाकळ्या ठेवायला त्यातच स्पष्ट मुभा आहे.

तारखेचं म्हणाल तर, काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनाच्या ठरावानंतर २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्य दिन पाळला गेला. तो दिवस साधायला २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना पूर्णपणे लागू करायला दोन महिने थांबले.

हे सगळं शाळा-सोसायट्यांपुरतं. पोलीस मानवंदनेचा सरकारी कार्यक्रम असेल तर तिथले अधिकारी सांगतील तसं करा. आणि झेंडा चढवताना झपाझप, उतरवताना सावकाश. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं.